मोठ्या संख्येचे अवयव आणि गुणधर्म: कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे चुकतं

बारा आकडी संख्या देऊन विभाजक किती, त्यांची बेरीज किती, सहमूळ संख्या (तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) किती असं विचारलं, तर सूत्र चुकतं असं क्वचित होतं. सूत्रं पाठ असतात. चूक त्याआधीच होऊन गेलेली असते: आकडा उतरवताना, कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर विश्वास ठेवताना, किंवा उरलेला मोठा आकडा 'मूळच दिसतोय' म्हणून सोडून देताना. मूळ अवयव पूर्ण आणि खात्रीने पडल्याशिवाय पुढच्या एकाही सूत्राला अर्थ नाही. म्हणून या लेखातला मोठा भाग अवयव पाडण्याला दिला आहे आणि गुणधर्म शेवटी भराभर घेतले आहेत.

उदाहरणाला सोलापूरचा पिनकोड ४१३००१ दोनदा सलग लिहून होणारी संख्या घेऊ:

४१३००१४१३००१

## टप्पा १. संख्या तीन प्रकारे मांडून घ्या

आपल्या सवयीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या ४,१३,००,१४,१३,००१ अशी दिसते. वाचायची तर एक्केचाळीस हजार तीनशे कोटी चौदा लाख तेरा हजार एक. वाचायला ही मांडणी उत्तम, पण विभाज्यतेच्या कसोट्यांना ती चालत नाही. शेवटचा गट तीन आकड्यांचा आणि बाकीचे दोन-दोनांचे, त्यामुळे ७, ११, १३ किंवा ३७ ची कसोटी या गटांवर लावली की उत्तर हमखास चुकतं. म्हणून कागदावर आणखी दोन ओळी लिहा:

तीन-तीनचे गट: ४१३ | ००१ | ४१३ | ००१
दोन-दोनचे गट: ४१ | ३० | ०१ | ४१ | ३० | ०१

गट नेहमी उजवीकडून पाडायचे. आपल्या संख्येत आकडे नेमके बारा आहेत म्हणून डावीकडून पाडले तरी निभावतं. अकरा आकडी संख्येत निभावणार नाही.

सावध: एक्सेलच्या साध्या चौकटीत बारा आकडी संख्या ४.१३ आणि पुढे दहाचा घात अशा आखूड रूपात दिसते. तिथून डोळ्यांनी उतरवून घेऊ नका; चौकटीचा प्रकार 'संख्या' करा आणि दशांशस्थळं शून्य ठेवा. एक्सेल फक्त १५ अर्थपूर्ण आकडे सांभाळतं. सोळावा आकडा टाइप केलात की तो गुपचूप शून्य होतो, आणि मग संख्येला १० ने भाग जातो म्हणून आनंद होतो.

तपासा: उतरवलेले आकडे मोजा (१२), त्यांची बेरीज करा (१८) आणि शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचा. बेरीज जुळली तरी आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, हे लक्षात ठेवा. ४१३००१ च्या जागी ४१०३०१ लिहिलं तरी बेरीज ९ च येते.

## टप्पा २. भागाकाराआधी संख्येकडे नुसतं बघा

या पायरीला अर्धं मिनिट लागतं आणि बहुतेक जण ती गाळतात. आपल्या संख्येत सहा आकड्यांचा एकच गट दोनदा आला आहे. म्हणजे ती ४१३००१ × १०००००१ आहे आणि एका बारा आकडी प्रश्नाचे दोन छोटे प्रश्न झाले.

अशा पुनरावृत्तीसाठी हे गुणक लक्षात ठेवावेत:

- तीन आकडी गट दोनदा: १००१ = ७ × ११ × १३
- चार आकडी गट दोनदा: १०००१ = ७३ × १३७
- पाच आकडी गट दोनदा: १००००१ = ११ × ९०९१
- सहा आकडी गट दोनदा: १०००००१ = १०१ × ९९०१
- दोन आकडी गट तीनदा: १०१०१ = ३ × ७ × १३ × ३७

गटाची सुरुवात शून्याने असेल तर नक्षी लपते. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ दोनदा लिहिला तर ०२१७०२१७ होतं. पुढचं शून्य गळतं आणि हातात २१७०२१७ ही सात आकडी, बेढब संख्या उरते. गट मात्र चार आकडीच आहे, म्हणून ती २१७ × १०००१, म्हणजेच ७ × ३१ × ७३ × १३७.

दुसरं बघायचं ते शेवटच्या शून्यांकडे: एका शून्याला एक २ आणि एक ५. तिसरं, संख्या एखाद्या पूर्ण वर्गाच्या जरा खाली आहे का. ९९९१ पाहून १०००० वजा ९ सुचलं, की ९७ × १०३ हातात येतात.

सावध: ४१३००१ × १०००००१ असे दोन भाग झाले म्हणून दोन्हींचे विभाजक वेगवेगळे मोजून गुणायची घाई करू नका. ते फक्त दोन्ही भाग सहमूळ असतील तरच चालतं. ४१३०९० हा गट घ्या: तो २ × ५ × १०१ × ४०९ आहे. तो दोनदा लिहिला की १०१ दोन्हीकडून येतो आणि त्याचा घात २ होतो. वेगवेगळे मोजले तर १६ × ४ = ६४ विभाजक येतात; खरे आहेत ४८.

## टप्पा ३. लहान मूळ संख्यांच्या कसोट्या

नक्षी लक्षात आलीच नाही असं धरून सरळ मार्गाने जाऊ, कारण परीक्षेत दर वेळी पिनकोड येणार नाही.

२ आणि ५: एककस्थानी १. दोन्ही बाद.

३ आणि ९: आकड्यांची बेरीज १८. ९ ने निःशेष भाग जातो.

२७: इथे बरेच जण घसरतात. 'बेरीज २७ ने विभाज्य असेल तर संख्याही २७ ने विभाज्य' असा नियम नाही. १८९९ ची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. २७ साठी तीन-तीनच्या गटांची बेरीज घ्यायची: ४१३ + १ + ४१३ + १ = ८२८. २७ × ३० = ८१०, बाकी १८. म्हणजे ३ चा घात २, त्याहून जास्त नाही. याच ८२८ वर ३७ ची कसोटीही होते: ३७ × २२ = ८१४, बाकी १४. बाद.

७, ११, १३: तीन-तीनच्या गटांची उजवीकडून एकाआड एक बेरीज-वजाबाकी करा. १ − ४१३ + १ − ४१३ = −८२४. ८२४ ला ७ ने भागल्यास बाकी ५, ११ ने १०, १३ ने ५. तिन्ही एकाच हिशेबात बाद.

१०१: दोन-दोनच्या गटांची तशीच बेरीज-वजाबाकी. १ − ३० + ४१ − १ + ३० − ४१ = ०. १०१ ने भाग जातो.

१०१ ची ही कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण मोठ्या संख्यांत ती खूपदा कामी येते.

## टप्पा ४. भागत जा आणि हद्द लगेच खाली आणा

संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ६४२६५१ च्या किंचित वर आहे. तिथपर्यंत पन्नास हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. इथे लोक हात टेकतात, आणि ते उगाचच. कारण प्रत्येक अवयव सापडला की उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने काढायचं असतं:

- ९ ने भागल्यावर ४५८८९०४५८८९ उरते. नवी हद्द सुमारे २ लाख १४ हजार.
- १०१ ने भागल्यावर ४५४३४६९८९. हद्द २१३१५.
- १०९ ने भागल्यावर ४१६८३२१. हद्द २०४१.
- ४२१ ने भागल्यावर ९९०१. हद्द ९९.

शेवटी ९९०१ ची हद्द ९९ आहे आणि आपण ४२१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच वापरून बसलो आहोत. म्हणून ९९०१ मूळ आहे, वेगळी तपासणी नको. ४२१ ही ८२ वी मूळ संख्या. पन्नास हजारांच्या जागी ८२ मध्ये काम संपलं.

आपली संख्या = ३² × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१

अवयव सापडला की त्याच अवयवाने पुन्हा भागून पाहा, तो जायचा थांबेपर्यंत. पुढच्या मूळ संख्येकडे उडी मारली तर घातांक चुकतो आणि मग सगळीच सूत्रं चुकतात.

### हाताने बाकी काढायची रीत

मोठा भागाकार पूर्ण मांडायची गरज नाही, बाकी पुरते. तीन-तीनचे गट डावीकडून घ्या, मागची बाकी पुढच्या गटाला चिकटवा. ४५४ | ३४६ | ९८९ ला १०९ ने:

४५४ मधून ४३६ गेले, बाकी १८.
१८३४६ मधून १०९ × १६८ = १८३१२ गेले, बाकी ३४.
३४९८९ = १०९ × ३२१. बाकी ०.

मधल्या गटात पुढे शून्यं असतील तर ती गाळू नका. बाकी ८६ आणि पुढचा गट ००१ असेल तर ८६००१ होतं, ८६१ नव्हे.

### बारा आकडी कॅल्क्युलेटरचा चकवा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानात हिशेबाला असतो तो बारा आकडी कॅल्क्युलेटर या संख्येला बरोब्बर पुरतो, आणि तिथेच फसवतो. आपली संख्या भागिले २ केलं तर खरं उत्तर २०६५००७०६५००.५ आहे. पूर्ण भागानेच बाराही जागा भरतात, त्यामुळे .५ ला जागा उरत नाही आणि पडद्यावर २०६५००७०६५०० असं स्वच्छ, पूर्णांक उत्तर दिसतं. ४ ने भागल्यावरही हेच होतं. विषम संख्येला २ ने 'भाग गेला' की निदान शंका तरी येते. दुसऱ्या एखाद्या बारा आकडी संख्येत ३ च्या बाबतीत असं झालं तर तीही येणार नाही.

उपाय सोपा आहे. उत्तराचा पूर्ण भाग कागदावर लिहा, कॅल्क्युलेटर पुसा, तो आकडा पुन्हा टाइप करून भाजकाने गुणा. २०६५००७०६५०० × २ = ४१३००१४१३०००, एकाने कमी. पुसल्याशिवाय तसंच पुढे गुणलं तर काही यंत्रं आत लपवून ठेवलेला जादा आकडा वापरतात आणि दिलेली संख्या परत दाखवून तुमची चूक पक्की करतात.

## टप्पा ५. उरलेला आकडा मोठा असेल तर

लहान मूळ संख्या संपल्या, हद्द अजून दूर आहे आणि हातात एक हट्टी आकडा उरला आहे. आता दोन वेगळे प्रश्न आहेत: हा मूळ आहे का, आणि नसेल तर फुटतो कसा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं, म्हणून आधी तोच विचारा.

मूळ आहे का? फर्माची कसोटी सगळ्यांना ठाऊक असते: संख्येहून एकाने कमी इतका २ चा घात घ्या, त्याच संख्येने भागा, बाकी १ नसेल तर संख्या संयुक्त. उलट बाजू मात्र खरी नाही. बाकी १ आली म्हणजे मूळ, असं लिहिणाऱ्याने ३४१ करून पाहावं. २ चा दहावा घात १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २ च्या ३४० व्या घाताचीही बाकी १ येते. आणि ३४१ = ११ × ३१. पाया (ज्याचा घात घेतो तो आकडा, इथे २) बदलून पाहावं म्हटलं तर ५६१ (३ × ११ × १७) आहेच. तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही पाया घ्या, फर्माची कसोटी फसते.

मिलर-राबिन कसोटी हे भोक बुजवते. क्रम असा:

१. संख्येतून १ वजा करा, त्यातले सगळे २ बाहेर काढा. ३४० = ४ × ८५.
२. पायाचा, उरलेल्या विषम आकड्याइतका घात घ्या. २ चा ८५ वा घात: दहाव्या घाताची बाकी १, म्हणून ८० व्याचीही १, उरला पाचवा घात, बाकी ३२.
३. ही बाकी १ किंवा ३४० असती तर संख्या या पायापुरती उत्तीर्ण. नाही.
४. वर्ग करा: ३२² = १०२४, बाकी १. मध्ये कुठेही ३४० (म्हणजे −१) न येता १ आलं. संख्या संयुक्त, शंभर टक्के.

वर एक बक्षीसही मिळतं: ३२ − १ = ३१ आणि ३२ + १ = ३३ यांचा ३४१ शी मसावि काढा. ३१ आणि ११. अवयवच हातात. असं दर वेळी होत नाही. वर्ग करता करता १ आलं तरच होतं.

२, ३, ५, ७ आणि ११ या पाचही पायांना उत्तीर्ण झालेली संख्या २१५२३०२८९८७४७ पेक्षा लहान असेल तर ती नक्की मूळ असते. म्हणजे कुठल्याही बारा आकडी संख्येला हे पाच पाये पुरतात. 'बहुधा मूळ' असं लिहायची गरज नाही.

फुटतो कसा? दोन अवयव एकमेकांच्या जवळ असल्याचा संशय असेल तर फर्माची वर्गांतराची रीत लावा. सोलापूर शहरातलाच दुसरा पिनकोड ४१३००४ घ्या. १२ काढल्यावर ३४४१७ उरतात. वर्गमूळ १८५ च्या वर, म्हणून १८६ पासून वर्ग करून त्यातून ३४४१७ वजा करत जा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का पाहा:

१८६² → १७९, १८७² → ५५२, १८८² → ९२७, १८९² → १३०४ … १९९² → ५१८४ = ७२².

म्हणून अवयव १९९ − ७२ = १२७ आणि १९९ + ७२ = २७१. एकंदर १४ पायऱ्या. त्यातही ज्या बाकीच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ आहे ती वर्ग असूच शकत नाही. तेवढी चाळणी लावली की १४ पैकी फक्त ६ आकड्यांची वर्गमुळं पाहावी लागतात.

हीच रीत ४१६८३२१ वर लावली तर २०४२ पासून ५१६१ पर्यंत ३१२० पायऱ्या पडतील, कारण ४२१ आणि ९९०१ एकमेकांपासून फार लांब आहेत. त्यामुळे दहा-पंधरा पायऱ्यांत काही हाती लागलं नाही तर ही रीत सोडा. हट्टाने पुढे जाण्यात काही मिळत नाही.

वीसेक आकड्यांपर्यंत संगणकावर पोलार्डची ऱ्हो रीत बहुधा काम करते. त्यापुढे तयार प्रणालीच वापरा. पारी-जीपी फुकट आहे. आणि काही संख्या आपल्या संगणकावर फुटतच नाहीत हेही स्वीकारा: २५० आकडी आरएसए संख्या (फोडायचं आव्हान म्हणून दिलेला, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार) २०२० साली फोडली तेव्हा सुमारे २७०० कोअर-वर्षांइतकी गणना लागली, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरला २७०० वर्षं पुरेल इतकी.

## टप्पा ६. ताळा, पण योग्य तो

अवयव लिहिले की गुणून पाहायचं. पूर्ण गुणाकार करणार नसाल तर ताळा पाहा. इथे सवयीने नवाचा ताळा घेतला जातो, आणि आपल्या उदाहरणात तो अगदी कुचकामी आहे. अवयवांत ९ आहेच, म्हणून बाकीचे अवयव काहीही लिहा, ताळा शून्यच जुळणार. ४२१ च्या जागी ४२३ लिहिलं तरी नवाचा ताळा 'बरोबर' म्हणेल.

अकराचा ताळा घ्या. ९, १०१, १०९, ४२१, ९९०१ यांच्या ११ ने बाक्या ९, २, १०, ३, १. गुणत जा: १८ → ७, ७० → ४, १२ → १, १. दिलेल्या संख्येची बाकी: −८२४ ला ११ ने, म्हणजे −१०, म्हणजे १. जुळलं.

सोबत साताचाही घ्या: बाक्या २, ३, ४, १, ३, गुणाकाराची बाकी २. −८२४ ची ७ ने बाकी −५, म्हणजे २. जुळलं. दोन वेगळे ताळे जुळले की चूक राहण्याची शक्यता बरीच घटते. शेजारच्या दोन वेगळ्या आकड्यांची अदलाबदल अकराचा ताळा नेहमी पकडतो, नवाचा कधीच पकडत नाही.

## टप्पा ७. आता गुणधर्म

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ३ × २ × २ × २ × २ = ४८. ही संख्या विषम आली तर दिलेली संख्या पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. आपली नाही, ४८ सम आहे, ठीक.

विभाजकांची बेरीज. ३² साठी १ + ३ + ९ = १३. इथे (३ + १)² = १६ लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बाकीच्यांसाठी प्रत्येकी एक जास्त: १३ × १०२ × ११० × ४२२ × ९९०२ = ६०९४९७०१३८४०. दिलेल्या संख्येच्या दुपटीहून कमी, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण किंवा अतिरिक्त नव्हे.

ऑयलरचं फाय, म्हणजे संख्येपर्यंतच्या सहमूळ संख्या किती. ३² साठी ९ − ३ = ६; २ × २ = ४ नव्हे. म्हणून ६ × १०० × १०८ × ४२० × ९९०० = २६९४३८४०००००.

तपासा: फाय आणि विभाजकांची बेरीज मिळवा: ८७८९३५४१३८४०. ही रक्कम दिलेल्या संख्येच्या दुपटीपेक्षा (८२६००२८२६००२) कमी कधीच येत नाही, आणि नेमकी दुप्पट येते ती फक्त संख्या मूळ किंवा १ असताना. संयुक्त संख्येला नेमकी दुप्पट आली तर कुठेतरी गफलत आहे.

उरलेलं थोडक्यात: ३ चा वर्ग आल्यामुळे म्योबियस फलन (कुठलाही मूळ अवयव दोनदा आला की जे शून्य होतं) ०, वेगवेगळे मूळ अवयव ५, घात धरून ६, अवयवांचा एकेरी गुणाकार दिलेल्या संख्येचा तिसरा भाग, १३७६६७१३७६६७.

दोन वर्गांची बेरीज होते का? ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्यांचे घात सम आहेत का, एवढंच पाहायचं. तसा एकच अवयव, ३, आणि त्याचा घात २. बाकी चारही अवयवांची बाकी १. म्हणून होते, आणि क्रम व चिन्ह सोडून ८ प्रकारे. एक प्रकार असा बांधता येतो: १०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४². यांचा गुणाकार १०८² + १८५², तीनपट करून ४१३००१ = ३२४² + ५५५². मग १०००००१ = १०००² + १² याच्याशी जोडा:

४१३००१४१३००१ = ३२३४४५² + ५५५३२४²

जोडण्याचा नियम: पहिल्यांचा गुणाकार वजा दुसऱ्यांचा, आणि तिरपे गुणाकार अधिक. दोन्हीकडे अधिक केलं तर उत्तर जुळत नाही. उणे आलं तर चिन्ह सोडून द्या.

## टप्पा ८. ही संख्या घातांकात आली तर

'७ चा ४१३००१४१३००१ वा घात, शेवटचे दोन आकडे कोणते?' अशा प्रश्नात घातांकाला १०० ने भागू नका. १०० हा मापांक (ज्याने भागून बाकी काढायची तो आकडा) पायासाठी आहे. घातांकासाठी चक्राची लांबी लागते. ७⁴ = २४०१, म्हणजे चक्र ४ चं. घातांकाची ४ ने बाकी १. उत्तर ०७.

आता पाया २ घ्या. १०० आणि २ सहमूळ नाहीत, त्यामुळे ऑयलरचा नियम (मापांकाशी सहमूळ पायाचा, मापांकाच्या फायइतका घात घेतला की बाकी १) सरळ लागत नाही. २५ साठी चक्र २० चं, घातांकाची २० ने बाकी १, म्हणून कित्येक जण उत्तर ०२ लिहितात. पण इतक्या मोठ्या घाताला ४ ने भाग जाणारच आणि ०२ ला तो जात नाही. २५ ने भागून २ आणि ४ ने भागून ० उरेल असा दोन आकडी शेवट एकच: ५२. पडताळा घ्यायचा तर २ चा २१ वा घात २०९७१५२ आहे.

## संगणकावर करताना

सी भाषेतला साधा पूर्णांक २१४७४८३६४७ पर्यंत जातो. आपली संख्या त्यात मावत नाही. ती मोठ्या प्रकारात घेतली तरी भाजक साध्या प्रकारात ठेवून त्याचा वर्ग संख्येशी ताडणारं आवर्तन (लूप) ४६३४० नंतर बिघडतं, कारण वर्गच ओसंडतो. आपली सुरुवातीची हद्द ६ लाख ४२ हजार आहे, म्हणजे लहान अवयव नसलेल्या संख्येत हा बिघाड नक्की दिसेल. मिलर-राबिनमध्ये दोन बारा आकडी बाक्यांचा गुणाकार २४ आकडी होतो आणि ६४ बिटांचा प्रकार १९ आकड्यांवर संपतो. तिथे १२८ बिटांचा प्रकार घ्या.

पायथनमध्ये ही अडचण नाही, पण भागाकाराला एकेरी तिरपी रेघ वापरली की उत्तर दशांशात जातं आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे शेवटचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. दुहेरी रेघ वापरा. वर्गमुळालाही पूर्णांक वर्गमुळाचं फलन घ्या. घाताची बाकी काढताना आधी घात आणि मग बाकी असं केलंत तर यंत्र अडकून पडेल. घाताच्या फलनाला तिसरा आकडा म्हणून मापांक द्या.